आयडलवर एअरफ्लो कमी दिसतोय? नवीन सेन्सर मागवायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी. आजचा विषय टर्बो गाडीतला एमएएफ, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर. आणि त्यातही फक्त आयडलवरचं, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असतानाचं रीडिंग.

उदाहरणाला गाडी घेऊ जुनी ऑक्टाव्हिया आरएस. २००४ च्या सुमारास आपल्याकडे आली होती, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० हॉर्सपॉवर. समजा इंजिन पूर्ण गरम आहे, एसी बंद, आरपीएम ८००, आणि गाडीला जोडलेला स्कॅनर दाखवतोय २.१ ग्रॅम हवा प्रति सेकंद. या इंजिनला गरम आयडलला साधारण २ ते ४ ग्रॅम अपेक्षित असतात. मग २.१ चांगलं की वाईट?

आधी हे २ ते ४ येतात कुठून ते बघू. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपली पूर्ण क्षमता ओढतं. ८०० आरपीएमला मिनिटाला ४०० वेळा १.८ लिटर, म्हणजे सेकंदाला १२ लिटर. एक लिटर हवा साधारण १.२ ग्रॅमची, म्हणून १४ ग्रॅम. पण आयडलला थ्रॉटल, म्हणजे हवा अडवणारी झडप, जवळजवळ बंद असतो, आणि त्याच्या पुढच्या मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला) दाब बाहेरच्या दाबाच्या साधारण एक तृतीयांश. म्हणजे पावणेपाच. त्यात सिलिंडर पूर्ण भरत नाही, म्हणून आकडा आणखी खाली येतो. टर्बो या हिशेबात कुठेच नाही, बघा. आयडलला तो नुसता फिरत असतो, बूस्ट, म्हणजे टर्बोने हवा दाबून तयार केलेला जादा दाब, शून्य.

एसी लावलात की आकडा वर जाणार, कंप्रेसरचा लोड आला. महाबळेश्वरला गेलात तर? बऱ्याच जणांना वाटतं हवा विरळ, म्हणजे रीडिंग पडणार. आयडलला फारसं पडत नाही. इंजिन चालू ठेवायला तेवढीच हवा वजनाने लागते, म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, थ्रॉटल किंचित जास्त उघडतो.

तर २.१ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. स्कॅनरवर शेजारी फ्युएल ट्रिम उघडा, म्हणजे ईसीयू हिशेबाच्या पेट्रोलमध्ये किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा. ट्रिम शून्याच्या जवळ असेल तर सेन्सरला त्रास देऊ नका. पण ट्रिम +१५ असेल, म्हणजे ईसीयू हिशेबापेक्षा १५ टक्के पेट्रोल जास्त सोडतोय, तर सेन्सरने सांगितली त्यापेक्षा जास्त हवा आत जातेय. लग्नाच्या हॉलच्या दारात ताटं मोजायला माणूस बसवलाय, आणि पाहुणे मागच्या दारानेही येतायत. आता मोजणारा चुकतोय, की मागचं दार उघडं आहे?

इथेच बहुतेक ठिकाणी सांगतात, 'सेन्सर गेला, बदला.' थांबा. पार्क केलेल्या गाडीत रेस देऊन आरपीएम २५०० वर धरा. ट्रिम +१५ वरून +३ वर आली, तर मागचं दार उघडं आहे: थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डच्या बाजूला लीक. आयडलला तिथे व्हॅक्यूम जोरात असतो, आणि इंजिनची एकूण हवाच थोडी असते, म्हणून चोरून आलेली हवा मोठी दिसते. रेस दिल्यावर तीच चोरी एकूण हवेत किरकोळ होते. सेन्सर मळलेला असेल तर ट्रिम उतरत नाही, बहुतेक वेळा लोडवर वाढतेच.

आता टर्बोची खरी गंमत. त्याच मॅनिफोल्डच्या लीकमधून बूस्टवर हवा आत येत नाही, बाहेर जाते. मोजलेली हवा सुटते, पेट्रोल मात्र तिच्या हिशेबाने पडलेलं. मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), पिकअप मार खातं, कधीकधी मागून काळा धूर. एकाच लीकने आयडलला लीन (हवा जास्त) आणि बूस्टला रिच. बिनटर्बोच्या गाडीत हे दिसणार नाही.

लीक टर्बो आणि थ्रॉटलच्या मध्ये असेल, इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या रेडिएटरच्या) पाइपला, तर आयडलला तिथे साधारण बाहेरचाच दाब. सगळे आकडे छान दिसतील. म्हणून 'आयडलला ठीक आहे' यावर पाइप निर्दोष सुटत नाहीत. बूस्टला शिट्टीसारखा आवाज येतो का ऐका.

आणि तिसरी जागा सगळ्यात फसवी: एमएएफ ते टर्बो हा रबरी पाइप. इथे सेन्सरच्या पुढे फट असेल तर आयडलला थोडाच फरक पडतो, पण बूस्टवर टर्बो तिथून न मोजलेली हवा ओढतो. लोडवर रीडिंग कमी, ट्रिम वर. हुबेहूब मेलेल्या सेन्सरचं लक्षण! म्हणून सेन्सरवर पैसे खर्च करण्याआधी हा पाइप हाताने दाबून, वाकवून, खालच्या बाजूने टॉर्च मारून बघा. या पाइपवर डायव्हर्टर व्हॉल्व्ह (थ्रॉटल बंद झाल्यावर जास्तीचा बूस्ट परत वळवणारा) आणि ब्रीदरचे (इंजिनच्या आतली वाफ काढणाऱ्या नळीचे) जोडही असतात. क्लिपा चाचपा.

कोणी आवाजासाठी हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावलाय का, तेही बघा. त्याची स्प्रिंग मऊ असेल तर आयडलच्या व्हॅक्यूमने तो उघडा राहतो आणि तिथून हवा आत येते. ऑइल फिलर कॅप आणि डिपस्टिकचं सीलही तपासा, कारण आयडलला ब्रीदरमधून क्रँककेसची, म्हणजे इंजिनच्या खालच्या भागातलीही हवा मॅनिफोल्डमध्येच जाते. हे मात्र कोणी बघत नाही.

खात्री करायची तर स्मोक टेस्ट, म्हणजे पाइपांत धूर सोडून तो कुठून निघतो ते बघणं, करून घ्या. गरम टर्बोजवळ कार्ब क्लीनर फवारून लीक शोधू नका, आग लागेल.

एवढं करून पाइप ठणठणीत निघाले, तर मग सेन्सर काढा. फक्त एमएएफ क्लीनर, लांबून, बोट किंवा कापूस न लावता, आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. तेल लावायचा कॉटन फिल्टर असेल तर त्याचं जास्तीचं तेल सेन्सरवर बसलेलं असू शकतं.

डिझेलवाल्यांनो, हे आकडे तुम्हाला लागू नाहीत. तिथे थ्रॉटलने हवा अडवून आयडल धरत नाहीत, त्यामुळे हवा बरीच जास्त दिसते आणि ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडला की कमी होते. त्यावर वेगळा व्हिडिओ करू.

कमेंटमध्ये प्रश्न टाकताना इंजिन किती लिटरचं, गरम आयडलला एसी बंद ठेवून किती ग्रॅम, आणि ट्रिम आयडलला किती, २५०० ला किती, हे सगळं लिहा. नुसतं 'रीडिंग कमी आहे' लिहिलंत तर मी काहीच सांगू शकणार नाही.