चाळीस माणसं, एक बस आणि गोवा

नमस्कार मंडळी. इथे बसलेले बरेच जण ज्येष्ठ नागरिक संघाच्या, शाळेच्या, सोसायटीच्या सहली काढणारे आहेत. गोव्यात काय बघायचं ते तुम्हाला कुणीही सांगेल. मी गाडीबद्दल बोलतो, कारण मोठी बस इथे कशी फिरते हे माहीत नसलं की सहलीचा निम्मा वेळ रस्त्यावरच जातो.

सुरुवात ड्रायव्हरच्या झोपेपासून. पुण्याहून पणजी साधारण 450 किलोमीटर, मुंबईहून 600 च्या आसपास. रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाला सकाळी आठ वाजता पुन्हा स्टेअरिंगवर बसवायचं, हा बेत मला धोक्याचा वाटतो, आणि दरवर्षी लोक तो आखतातच. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाचं काम 8 तासांचं धरलं होतं, आणि 5 तास काम झालं की निदान अर्धा तास विश्रांती द्यायची होती. म्हणून बुकिंग करताना दराच्या आधी विचारा, ड्रायव्हर किती? एकच असेल तर पोचल्याचा दिवस हॉटेल आणि जवळचा किनारा एवढाच ठेवा. त्याच्या झोपायची खोलीही आधीच ठरवा. डिकीत किंवा सीटांच्या मधल्या वाटेत डासांमध्ये पडलेल्या माणसाला झोप लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी घाटात तुम्ही त्याच्याच हातात असता. बाकी ऑल इंडिया टुरिस्ट परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी बघून घ्या आणि प्रवाशांच्या नाव-वयाच्या यादीची एक प्रत गाडीत ठेवा.

आता घाट. आंबोली असो, चोर्ला असो की अनमोड, उजेडात उतरा. पावसाळ्यात दरड आणि धुकं दोन्ही असतं, त्यामुळे निघण्याआधी मोठ्या गाड्यांना कुठला घाट खुला आहे याची चौकशी करा. उतारावर ड्रायव्हर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतो, एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा ब्रेक, लावतो आणि इंजिनलाच गाडी धरायला लावतो. मग गाडी घुरघुरत हळू उतरते. ‘जरा सोडा की’ असं मागून कुणी म्हणू नये. पाय सतत ब्रेकवर राहिला तर चाकांतले ब्रेकचे ड्रम तापतात, त्यांवर घासणाऱ्या लायनरचा करपलेला वास येतो आणि पायडल दाबलं तरी गाडी धरत नाही. शिवाय ब्रेक हवेचे असतात. प्रत्येक दाबाला टाकीतली थोडी हवा जाते, दाबाचा काटा खाली येतो. असा वास आला तर रुंद जागी गाडी थांबवून अर्धा तास तरी थंड होऊ द्यायची. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचं नाही, तडा जातो.

ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली, शक्यतो पुढची सीट घ्यावी. शेवटची रांग मागच्या चाकाच्याही पलीकडे लोंबते, तिथे प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक वळण दुप्पट जाणवतं. डॉक्टरांनी दिलेली गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्या. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही. मोबाइल खाली, नजर लांब रस्त्यावर. स्लीपर असेल तर पाय पुढच्या दिशेला करून झोपा, म्हणजे जोरात ब्रेक लागला तर डोकं आपटत नाही.

फिरताना एका दिवशी एकच दिशा. पणजीत मुक्काम असेल तर सकाळी नऊच्या आत जुने गोवे गाठा. बासिलिका आणि से कॅथेड्रल समोरासमोर आहेत, गाडी एकदाच लावायची. तिथलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. पुढे बाणस्तारीवरून मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, बांदोड्याची नागेशी, कवळ्याची शांतादुर्गा. सोमवारी मंगेशीला पालखी असते. दर्शन निवांत हवं तर दुसरा वार घ्या, पालखी बघायची तर संध्याकाळ राखून ठेवा. अर्धी चड्डी आणि बिनबाह्यांचे कपडे देवळात चालत नाहीत, चर्चमध्येही नाही. ओढणी, लुंगी हातातल्या पिशवीत ठेवा. डिकीतली बॅग त्या वेळी निघत नाही. जेवणाची चाळीस ताटं सकाळीच फोन करून सांगा, कारण तीननंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं आणि दुपारी बाजारही मिटलेला असतो.

दूधसागर धबधब्याला बस कुळे गावापर्यंतच जाते. पुढे जीप, एका जीपमध्ये सात जण, म्हणजे चाळीस माणसांना सहा जीप. फेऱ्यांची संख्या ठरलेली असते, पावसाळ्यात त्या बंद असतात. त्या दिवशी दुसरं काहीच ठेवू नका.

कळंगुट-बागा भागात बस पाण्यापर्यंत नेण्याचा आग्रह धरू नका. गाडी 12 मीटरची, गल्ल्या अरुंद, वर खाली आलेल्या तारा. गाडी वळते तेव्हा पुढचं तोंड एकीकडे जातं आणि मागच्या चाकापलीकडचं तीन मीटरचं अंग उलट बाजूला झाडू मारल्यासारखं फिरतं. उतरलेली मंडळी नेमकी तिथेच उभी राहून फोटो काढत असतात. उतरलात की गाडीपासून लांब, ड्रायव्हरला आरशात दिसाल अशा जागी जा.

परत चढण्याआधी पाय धुवा. दाराशी 20 लिटरचे दोन कॅन साधं पाणी आणि जुने पंचे ठेवा. वाळू दाराच्या खाचेत आणि एसीच्या जाळीत बसते. मग गार हवा येत नाही आणि दोष ड्रायव्हरला लागतो. लाल बावटा असेल तिथे पाण्यात उतरू नका. जून ते सप्टेंबर तर समुद्र लांबूनच बघावा.

सिलिंडर-शेगडी घेऊन येणाऱ्यांना एक कळकळीची विनंती, ती घरी ठेवा. पर्यटनस्थळी उघड्यावर रांधणं, दारू पिणं, बाटल्या फोडणं यावर 2001 च्या कायद्याने बंदी आहे आणि पुढच्या दुरुस्त्यांनी दंड जबर झाला आहे. त्याहून मोठं कारण असं की स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर बंद डिकीच्या तळाशी साठून राहतो.

परतीच्या वाटेवर गोव्याच्या हद्दीवरची पत्रादेवी ओलांडली की बांद्याजवळ इन्सुलीला महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्क खात्याचा नाका आहे. एकाच्या बॅगेत बेकायदा दारू सापडली तर बस जप्त होऊ शकते, आणि बाकीचे एकोणचाळीस जण सामान घेऊन रस्त्यावर. म्हणून हॉटेलातून निघताना डिकी बंद करण्याआधी प्रत्येकाला सगळ्यांसमोर विचारा, मग कुलूप लावा आणि किल्ली एकाच माणसाकडे द्या.