ग्लँडर्सच्या मागावर (माहितीपटाचं निवेदन)

[घोडीची मान, अगदी जवळून]

मानेच्या खोबणीत अंगठा दाबून धरला की वरची शीर टम्म फुगते. डॉक्टर तिच्यावरून स्पिरिटचा बोळा फिरवतात, सुई आत जाते आणि लाल टोपणाच्या नळीत गडद रक्त उतरू लागतं. घोडी कान मागे टाकते, एक खूर आपटते. मोतद्दार तिच्या कपाळावर हात ठेवून तिच्याशी बोलत राहतो. तेवढ्यात नळी भरलेली असते.

या घोडीला वरवर पाहता काहीही झालेलं नाही. चंदी खाते, कामाला जाते, वरातीत उभी राहते. तरी तिचं रक्त घ्यायचं, कारण ग्लँडर्स हा आजार धडधाकट दिसणाऱ्या घोड्यातही महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं दबून राहतो. बर्खोल्डेरिया मॅली नावाच्या जिवाणूचा हा आजार. घोडा, गाढव आणि खेचर ही त्याची खरी वस्ती. तिथून तो माणसाच्या अंगात येऊ शकतो, आणि सगळ्यात आधी येतो तो खरारा करणाऱ्या, जखम धुणाऱ्या, नाक पुसणाऱ्या माणसाच्या अंगात.

[नाकपुडीत टॉर्चचा उजेड]

डॉक्टर नाकपुडी वर करून आत उजेड टाकतात. आतल्या पडद्यावर व्रण आहे का, स्राव पिवळट, चिकट आहे का, हे बघतात. मग बोटं जबड्याखाली जातात. तिथल्या गाठी सुजून घट्ट झालेल्या असतील तर शंका वाढते. पायाच्या आतल्या बाजूनं हात फिरवतात, कारण या आजाराचं एक रूप कातडीवर दिसतं: रसवाहिनीच्या रेषेत एकामागून एक गाठी येतात, फुटतात, आणि त्यातून तेलकट पू वाहतो.

"काका, याचं नाक कधीपासून वाहतंय?"

"सर्दी झालीय साहेब. दर थंडीत होते."

सर्दी असूही शकते. नाक वाहण्याची कारणं घोड्यात पुष्कळ आहेत, आणि नुसत्या नजरेनं त्यांतून ग्लँडर्स वेगळा काढता येत नाही. म्हणून नळी. गाढव आणि खेचरात आजार सहसा झपाट्यानं वाढतो: ताप, धाप, थोड्या दिवसांत मृत्यू. घोडा मात्र तो अंगात बाळगत चालत राहतो आणि पसरवत राहतो.

[पाण्याचं सामाईक टाकं, एकाच वेळी चार तोंडं]

पसरतो कसा, ते इथं दिसतं. एका टाक्यात चार तोंडं. एकाचा तोबरा काढून तोच दुसऱ्याच्या तोंडाला. लगामही अदलाबदल होतो. नाकातला स्राव पाण्यात पडतो, पुढचं जनावर तेच पाणी पितं. हा जिवाणू जनावराबाहेर मात्र फारसा चिवट नाही. ऊन त्याला मारतं, उष्णता मारते, साध्या ब्लीचिंगच्या पाण्यानंही तो मरतो. ओल्या, अंधाऱ्या कोपऱ्यात काही आठवडे तग धरेल, पण माती त्याचं कायमचं घर नव्हे. आमच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी आशा हीच आहे. बाधित जनावर वेळेत सापडलं, तर आजाराची साखळी तिथंच तुटते. अनेक देशांनी हे करून दाखवलं आहे, आणि त्यांनी ते लसीविना केलं. लस ना जनावरासाठी आहे, ना माणसासाठी.

[जुनी छायाचित्रं]

शोधण्याची ही धडपड जुनी आहे. १८९१ साली रशियन साम्राज्यात हेल्मान आणि काल्निंग या दोन पशुवैद्यांनी याच जिवाणूपासून 'मॅलीन' तयार केलं. घोड्याच्या खालच्या पापणीत मॅलीनचा एक दशांश मिलिलिटर इतका थेंब टोचायचा आणि २४ व ४८ तासांनी डोळा बघायचा. पापणी सुजली, डोळ्यातून पू आला, तर जनावर बाधित. त्याच कामात काल्निंग यांना ग्लँडर्सची लागण झाली आणि त्याच वर्षी ते गेले.

भारतात १८९९ साली खास या आजारासाठी कायदा झाला. घोडा म्हणजे तेव्हा फौज, टपाल आणि वाहतूक. पुढे मोटारी आल्या, घोडे मागे पडले आणि ग्लँडर्स विस्मरणात गेला. २००६ साली तो परत दिसला, आणि दिसला तो आपल्या महाराष्ट्रात, पुणे आणि पाचगणी भागात. पाठोपाठ उत्तर प्रदेश, पंजाब, आणखी राज्यं. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानं जुन्या कायद्याची जागा घेतली. आता जनावराला हा आजार असल्याची शंका आली तर मालकानं ते कळवणं बंधनकारक आहे. २०१९ मध्ये ग्लँडर्सच्या निर्मूलनासाठी देशपातळीवरचा कृती आराखडाही आला.

[थर्मोकोलचा डबा, बर्फाच्या पिशव्या, प्रयोगशाळेचं दार]

नळी तिरकी ठेवली की रक्त गोठतं आणि वर पिवळसर सीरम जमतं. ते वेगळं काढून, नळीवर जनावराचा क्रमांक घालून, बर्फात ठेवून पाठवायचं. लेबल पुसलं गेलं तर सगळी मेहनत वाया. जनावर पुन्हा शोधायचं कुठं?

पहिली चाचणी एलायझा. जिवाणूशी लढायला शरीर जी प्रतिपिंडं तयार करतं, ती सीरममध्ये आहेत का, हे ती शोधते. ९६ खळग्यांची प्लेट. प्रत्येक खळग्याच्या तळाशी जिवाणूचं एक प्रथिन आधीच चिकटवलेलं असतं. त्यावर सीरम जातं, मग धुणं, मग दुसरं द्रावण, पुन्हा धुणं. शेवटी रंगाचं द्रावण पडतं, आणि बघा: बहुतेक खळगे पाण्यासारखे स्वच्छ, एखाद्यात निळा रंग चढत जातो. आम्ल घातलं की तो पिवळा होतो आणि यंत्र त्याचं मोजमाप घेतं.

रंग आला म्हणून लगेच शिक्का बसत नाही. खात्री करायची ती हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात. तिथं जुनी पण भरवशाची चाचणी होते, कॉम्प्लिमेंट फिक्सेशन. तिच्यात मेंढीच्या लाल पेशी वापरतात, आणि त्यांना फोडू शकणारी कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं. सीरममध्ये ग्लँडर्सविरुद्धची प्रतिपिंडं नसतील तर त्या पेशी फुटतात आणि सगळा खळगा लाल होतो. प्रतिपिंडं असतील तर ती प्रथिनं आधीच खर्ची पडतात, पेशी शाबूत राहतात आणि तळाशी गोल बटणासारख्या बसतात. गाढव आणि खेचराचं सीरम या चाचणीत फार त्रास देतं. ते जास्त तापवावं लागतं आणि तरीही कधी कधी निकाल लागत नाही. नेमकी याच जनावरांची चाचणी एलायझानं सोपी केली. हिसारच्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रथिनावर बेतलेली एलायझा विकसित केली आणि तपासणी राज्यांच्या प्रयोगशाळांपर्यंत नेता आली. देशातल्या पाळतीला बळ मिळालं ते इथून.

पॉझिटिव्ह ठरलेल्या जनावरावर उपचार करत नाहीत. वेदना न होऊ देता त्याला मारतात, खोल पुरतात, आसपासच्या जनावरांची ये-जा थांबते आणि त्यांचंही रक्त घेतलं जातं. ते आम्ही चित्रित केलं नाही.

माणसाला लागण झाली आणि जिवाणू रक्तात पसरला, तर उपचाराविना वाचणं जवळपास अशक्य. प्रतिजैविकं दीर्घकाळ घ्यावी लागतात. २००० साली अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत याच जिवाणूवर काम करणाऱ्या एका शास्त्रज्ञाला हा आजार झाला. ताप आला, काखेत गाठ आली, तरी निदानाला कित्येक आठवडे लागले. ते बचावले. म्हणून आमचं डॉक्टरांना सांगणं आहे: ताप घेऊन आलेल्या माणसाला, घरी घोडा-गाढव आहे का, एवढं विचारा.

[वीटभट्टी, विटा लादलेली गाढवं]

२०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे, गाढवं आणि खेचरं मिळून साडेअकरा लाखांच्या आसपास होती. २०१९ मध्ये ती साडेपाच लाखांवर आली. संख्या इतकी आटली आहे की ठरवलं तर प्रत्येक जनावरापर्यंत नळी पोहोचू शकते. शर्यतीचे आणि स्पर्धेचे घोडे तपासणीविना हलत नाहीत. त्यांचे कागद असतात, त्यांचे स्वतःचे डॉक्टर असतात. भट्टीवरच्या या गाढवाचा कागद नाही. हंगाम संपला की ते मालकाबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात जातं, वाटेत बाजारात विकलंही जातं. इथं पशुवैद्यकानं हंगामाच्या सुरुवातीलाच यायला हवं, आणि त्याच्याबरोबर भट्टीवरच्या माणसांना तपासणारं आरोग्य खात्याचं माणूसही.

आणि भरपाई. मारलेल्या जनावराची भरपाई सरकारी योजनेत आहे. या माणसाची रोजची मजुरी त्या एका गाढवाच्या पाठीवर आहे. भरपाई आठवड्याभरात हातात पडली, तर तो पुढच्या वेळी स्वतःहून फोन करेल. वर्षभर खेटे घालायला लागले, तर त्याचा शेजारी नाक वाहणारं खेचर डॉक्टरांना दाखवणार नाही, रातोरात बाजाराला नेईल.