शुगर कंट्रोलमध्ये आहे, पण रक्तवाहिन्यांचं काय?

मगाशी मी विचारलं की तुमचा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, किती आहे ते कोणाकोणाला माहितीये, तर भराभर हात वर आले, बरं वाटलं. मग विचारलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, किती, तर हात निम्म्याहून कमी. आणि लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे किडनीला धक्का लागल्यावर लघवीत झिरपणारं प्रोटीन, शेवटचं कधी तपासलं असं विचारल्यावर चार-पाचच हात राहिले. मला आज जे बोलायचंय ते या खाली गेलेल्या हातांबद्दलच आहे, कारण टाइप टू डायबेटिस असलेल्या माणसाचा जीव बहुतेक वेळा शुगर वाढून जात नाही, तो बऱ्याचदा हार्ट अटॅकने नाहीतर स्ट्रोकने जातो, म्हणजे खरा आजार रक्तवाहिन्यांमध्ये चाललेला असतो आणि आपण मात्र वर्षानुवर्षं शुगरच्या एकाच आकड्याकडे बघत बसतो.

पुस्तकात ज्याला धमनीकाठिण्य म्हणतात ते नक्की काय असतं? लोकांच्या डोक्यात चित्र असतं नळात गाळ साचल्याचं. हे चित्र चुकीचं आहे आणि त्याने नुकसान होतं, म्हणून थोडा वेळ इथे घालवतो. गाळ नळाच्या आत साचतो, पण चरबी साचते ती धमनीच्या भिंतीच्या आत. भिंतीला आतून एक पेशीचा पातळ थर असतो, एंडोथेलियम, तो नायट्रिक ऑक्साइड तयार करतो, त्याने धमनी सैल राहते आणि रक्त चिकटत नाही. शुगर जास्त, इन्सुलिनला दाद नाही, त्यात बीपी आणि सिगरेट, या सगळ्याने तो थर नीट काम करेनासा होतो, मग एलडीएलचे कण भिंतीत शिरतात, अडकतात, खराब होतात, त्यांना खायला पांढऱ्या पेशी येतात आणि खाऊन खाऊन तिथेच फुगून बसतात. डायबेटिसमध्ये आणखी एक भानगड आहे. लिव्हर ट्रायग्लिसराइड नावाची चरबी रक्तात जास्त सोडतं, एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, कमी होतं आणि एलडीएलचे कण छोटे, घट्ट आणि संख्येने जास्त होतात, त्यामुळे रिपोर्टवर एलडीएलचा आकडा ठीकठाक दिसला तरी भिंतीत शिरणारे कण भरपूर असू शकतात.

आणि धमनी सुरुवातीला बाहेरच्या बाजूने फुगून जागा करून देते. ग्लागोव्ह नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं की प्लाक, म्हणजे भिंतीत साचलेला हा चरबीचा गोळा, साधारण ४० टक्के जागा व्यापेपर्यंत आतला मार्ग फारसा अरुंद होतच नाही. म्हणजे आजार आहे, वाढतोय, आणि त्रास शून्य. पुढे एखाद्या दिवशी प्लाकवरचं पातळ आवरण फाटतं, त्यावर गुठळी होते आणि काही मिनिटांत धमनी बंद. फाटणारा प्लाक बऱ्याचदा अगदी मध्यमसाच असतो, म्हणूनच “परवापर्यंत ठणठणीत होते हो” हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकतो.

१९९८ मध्ये फिनलंडचा एक अभ्यास आला. डायबेटिस आहे पण अटॅक कधी आलेला नाही अशा लोकांपैकी सुमारे २० टक्के लोकांना ७ वर्षांत अटॅक आला, आणि डायबेटिस नसलेल्या पण एकदा अटॅक येऊन गेलेल्यांमध्ये हे प्रमाण जवळपास १९ टक्के. नंतरच्या अभ्यासांतून कळलं की हे सरसकट सगळ्यांना लागू नाही, वय, किडनी, डायबेटिसला किती वर्षं झाली यावर पुष्कळ अवलंबून असतं, पण त्या आकड्यांनी डॉक्टरांची झोप उडवली एवढं खरं.

मग शुगर अजून खाली आणली की झालं? २००८ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या अकॉर्ड ट्रायलमध्ये एचबीएवनसी ६ च्या खाली आणायचा जोरदार प्रयत्न केला, तर त्या गटात मृत्यू वाढले आणि तो भाग मध्येच थांबवावा लागला. याचा अर्थ शुगर सोडून द्या असा अजिबात नाही! ब्रिटनच्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात निदान झाल्यापासून शुगर सांभाळलेल्यांना त्याचा फायदा पुढे १० वर्षांनीही, अटॅक कमी होण्याच्या रूपात, दिसत राहिला. लवकर सांभाळा, पण एकटी शुगर पुरत नाही.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो डेन्मार्कचा स्टेनो-२ हा अभ्यास. फक्त १६० माणसं, सगळ्यांना टाइप टू आणि लघवीत अल्ब्युमिन. निम्म्यांना नेहमीची ट्रीटमेंट, निम्म्यांची शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, सिगरेट, खाणं, व्यायाम असं सगळं एकदम धरलं. जवळपास ८ वर्षांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटना, म्हणजे अटॅक, स्ट्रोक वगैरे, साधारण निम्म्यावर आल्या, आणि २१ वर्षांनी मोजलं तर त्या गटातल्या मधल्या माणसाचं आयुष्य (मीडियन) ७.९ वर्षांनी जास्त निघालं. गंमत म्हणजे शुगरचं टार्गेट त्यांच्यातल्या थोड्याच जणांना गाठता आलं होतं, जास्त यश मिळालं कोलेस्टेरॉल आणि बीपीमध्ये.

म्हणून स्टॅटिनला, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाला, घाबरून गोळी परस्पर बंद करू नका, मला याचं खरंच वाईट वाटतं. २००४ च्या कार्ड्स ट्रायलमध्ये डायबेटिस असलेल्या, अटॅक न आलेल्या लोकांना अटोर्वास्टॅटिन हे स्टॅटिन १० मिलिग्रॅम दिलं, मोठ्या घटना ३७ टक्के कमी झाल्या, ट्रायल दोन वर्षं आधीच थांबवली. स्नायू दुखत असतील तर सांगा, डोस बदलता येतो, औषध बदलता येतं. अॅस्पिरिनचं मात्र उलटं, ते मनाने सुरू करू नका, कारण २०१८ च्या असेंड अभ्यासात अॅस्पिरिनने घटना १२ टक्के कमी झाल्या पण मोठा रक्तस्राव २९ टक्के वाढला. आणि एसजीएलटी-२ आणि जीएलपी-१ या गटांतली डायबेटिसची काही औषधं शुगरसोबत हृदयालाही सांभाळतात, आपल्याला ती योग्य आहेत का एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.

एक काकू मगाशी म्हणाल्या, मला छातीत दुखत नाही म्हणजे मी ठीक. काकू, डायबेटिसमध्ये नसा बधिर होऊ शकतात, त्यामुळे अटॅकमध्येही छाती दुखेलच असं नाही. अचानक धाप लागणं, घाम फुटणं, मळमळ, नुसता विचित्र थकवा, असं काही झालं तर थांबून बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. चालताना पोटरी दुखते आणि थांबलं की राहते, हेही वयामुळे असेल म्हणून सोडू नका, पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असतील तर हृदयाच्याही झालेल्या असण्याची शक्यता मोठी असते.

शेवटी चिठ्ठीवर आलेला प्रश्न, त्रास काही नाही पण एकदा अँजिओग्राफी करून टाकू का? नको. त्रास नसलेल्या डायबेटिसच्या रुग्णांचं हृदय स्कॅन करून बघणाऱ्या डायड अभ्यासात, २००९ मध्ये, स्कॅन केलेल्या आणि न केलेल्या गटांत अटॅकचं प्रमाण फारसं वेगळं निघालं नाही. आजार एका जागी नसतो, धमन्यांच्या झाडाच्या सगळ्या फांद्यांत असतो, स्टेंट एका फांदीत बसतो. त्यापेक्षा या आठवड्यात बीपी मोजा, एलडीएल करा, किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन करा, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना शुगरच्या कागदाबरोबर हे तीनही कागद टेबलावर ठेवा.