आल्डनोआ झीरो: डोक्याने जिंकणारा हिरो आणि शेवटी हुकलेली मालिका

आज बोलायचंय आल्डनोआ झीरोबद्दल. २४ भागांची जपानी अॅनिमे मालिका, मेका प्रकारातली, म्हणजे माणसं आत बसून चालवतात अशा महाकाय रोबोंची. पहिले १२ भाग २०१४ च्या जुलैपासून आले, उरलेले १२ जानेवारी २०१५ पासून. मी शेवटापर्यंत सगळं सांगणार आहे, त्यामुळे बघायची असेल तर आधी बघून या.

लोकांनी इतकी आशा का लावली होती? मूळ कथा लेखक गेन उरोबुचीची, दिग्दर्शन एई आओकीचं. उरोबुचीच्या कादंबरीवरून फेट झीरो ही अॅनिमे मालिका केली ती याच आओकीने. संगीत हिरोयुकी सावानोचं, आणि ते आजही अंगावर काटा आणतं. पण उरोबुचीने स्वतः पटकथा लिहिली ती फक्त पहिल्या तीन भागांची. हे लक्षात ठेवा.

कथा अशी. १९७२ मध्ये अपोलो १७ च्या मोहिमेत चंद्रावर एक दार सापडतं, थेट मंगळाकडे जाणारं. तिथे गेलेल्या माणसांच्या हाती आल्डनोआ नावाचं प्राचीन तंत्रज्ञान लागतं आणि ते वेगळं साम्राज्य उभं करतात. १९९९ मध्ये युद्ध होतं, त्यात चंद्रच फुटतो. १५ वर्षांनी मंगळाची राजकन्या असेलम सलोख्यासाठी पृथ्वीवर येते, तिच्या ताफ्यावर हल्ला होतो, आणि कक्षेत टपून बसलेल्या सरदारांना हवं ते निमित्त मिळतं.

आता ती पहिली मोठी लढाई बघा. समोर निलोकेरास नावाचा रोबो. त्याच्या अंगाला जे लागेल ते गायब होतं. गोळ्या, गाड्या, काहीही. आणि इकडे इनाहो, शाळेतला मुलगा, सरावासाठी ठेवलेल्या केशरी रोबोत बसलेला. तो विचार करतो: हे कवच सगळंच गिळत असेल तर उजेडही गिळत असणार. मग आतल्या माणसाला बाहेरचं दिसतं कसं? म्हणजे चित्र बाहेरून कुठून तरी येतंय, आणि ते आत यायला कवचात कुठेतरी फट हवीच. मग तो शत्रूला पुलावरून पाण्यात पाडतो. जिथे पाणी नाहीसं होत नाही, तिथे कवच नाही. तिथेच घाव!

मला ही लढाई फार आवडते. हिरोकडे कसली गुप्त शक्ती नाही, ओरडल्यावर अचानक वाढणारं बळ नाही. जे त्याला दिसतं तेच आपल्यालाही दिसतं, आणि आपणही त्याच्यासोबत कोडं सोडवत असतो. पहिल्या सीझनमधल्या बहुतेक चांगल्या लढाया अशाच आहेत.

रेयेटचा प्रसंगही तितकाच जबरदस्त. तिचे वडील मंगळाचे हेर, आणि काम झाल्यावर त्यांच्याच लोकांनी त्यांना मारलेलं. ती सगळा राग असेलमवर काढते, न्हाणीघरात तिचा गळा आवळते. असेलमचं हृदय थांबतं, आणि तिने चालू केलेल्या आल्डनोआच्या बळावर उडणारं अख्खं जहाज बंद पडतं. व्यक्तीचं दुःख आणि कथेतलं तंत्रज्ञान एकाच क्षणात असं गुंफणं सोपं नसतं.

मग बारावा भाग. असेलमला गोळी लागते. स्लेन, मंगळवासीयांमध्ये राहणारा पृथ्वीचा मुलगा, इनाहोच्या डोक्यात गोळी घालतो. सीझन संपतो. सगळे हादरले होते.

आणि दुसऱ्या सीझनने त्यावर पाणी फिरवलं. असेलम जिवंत, फक्त बेशुद्ध. इनाहोही जिवंत, वर डाव्या डोळ्याच्या जागी एक यंत्र, जे अंतर, वारा, शक्यता, सगळं मोजून देतं. ही मला या मालिकेची सगळ्यात मोठी चूक वाटते. मरण परत घेतलं हे एक वेळ चालवून घेऊ. पण ज्या मुलाची सगळी मजा त्याच्या विचारात होती, त्याचा विचारच यंत्राकडे सोपवला! आता उत्तर डोळा सांगतो, आपण नुसते बघत बसतो. कोडं उरतच नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. पहिल्या सीझनमध्ये सरदार साझबाम सांगतो की मंगळावरची सामान्य प्रजा क्लोरेला आणि क्रिलवर दिवस काढते. युद्धाचं खरं मूळ हे आहे: उपाशी प्रजा आणि तिचा राग पृथ्वीकडे वळवणारे राज्यकर्ते. यावर किती उभं करता आलं असतं! पण शेवट काय? असेलम शुद्धीवर येते, क्लांकेनशी लग्न ठरवते, राणी होते, युद्धबंदी जाहीर करते. हा क्लांकेन दुसऱ्या सीझनमध्ये उगवलेला, आपली त्याच्याशी धड ओळखही नाही. त्या प्रजेच्या ताटात काय पडलं, हे कोणी विचारतच नाही.

आणि स्लेन? राजकन्येच्या हत्येच्या कटाचं खापर त्याच्या माथी मारून त्याला कैदेत टाकतात. दुसऱ्या सीझनमध्ये खऱ्या अर्थाने बदलत गेलेलं पात्र तेवढं एकच. साझबामचा दत्तक मुलगा होणं, त्यालाच संपवणं, असेलमची सावत्र बहीण लेमरिना हिच्या प्रेमाचा वापर करून घेणं. हे सगळं चुकीचं आहे, पण त्यामागचं कारण आपल्याला प्रत्येक वेळी कळतं. इनाहोबद्दल मात्र दुसऱ्या सीझनमध्ये मला तसं एकदाही वाटलं नाही.

माझं मत विचाराल तर पहिला सीझन नक्की बघा, बारावा भाग हाच शेवट समजून. दुसरा बघायचाच असेल तर स्लेनसाठी बघा. त्याला मिळालेली शिक्षा तुम्हाला पटली का, ते खाली लिहा. मला ती अजिबात पटलेली नाही.