अमिगाचं कन्व्हेयन्स

(ठाण्यात जुन्या संगणकांवर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

टेबलावर ठेवलंय ते अमिगा 500, कमोडोर कंपनीचा जुना संगणक. नौपाड्यात माझं लग्नाच्या कॅसेटींचं मिक्सिंगचं दुकान होतं, तेव्हा 'चि. सौ. कां.' ही अक्षरं गेनलॉक (संगणकाचं चित्र व्हिडिओवर बसवणारं उपकरण) लावून याच यंत्रातून व्हिडिओवर चढायची. देवनागरी फॉन्ट नव्हता. डीलक्स पेंट या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये एकेक अक्षर मी माउसने काढलं होतं. 1985 साली आलेल्या पहिल्या अमिगात मूळ मेमरी 256 केबी, आणि तेवढ्यात तो एका वेळी अनेक प्रोग्रॅम चालवायचा.

असं यंत्र मागे का पडलं, हे ठाणेकरांना समजावणं सोपं आहे. आपल्याकडे कितीतरी सोसायट्या तीस वर्षं मेंटेनन्स भरतात, पण जमीन अजून बिल्डरच्याच नावावर; कन्व्हेयन्स, म्हणजे ती सोसायटीच्या नावे करणं, झालेलंच नाही. बिल्डर गेला, त्याचे वारस भांडतायत, पुनर्विकास अडलाय. अमिगाचं नेमकं हेच झालं.

29 एप्रिल 1994 ला कमोडोर कंपनी बुडाली. पुढच्या वर्षी जर्मनीच्या एस्कॉमने अमिगा घेतला, 1996 ला तीही बुडाली. 1997 ला अमेरिकेच्या गेटवे कंपनीने घेतला. मग गेटवेने पेटंटं स्वतःकडे ठेवली आणि नाव अमिगा इन्कॉर्पोरेटेड या नव्या कंपनीला गेलं. जमीन एकाकडे, पाटी दुसऱ्याकडे.

2001 मध्ये या कंपनीने बेल्जियमच्या हायपेरियन कंपनीशी अमिगा ओएस 4, म्हणजे अमिगाच्या नव्या कार्यप्रणालीसाठी करार केला. ते डिसेंबर 2006 मध्ये पूर्ण झालं, आणि 2007 मध्ये दोघे अमेरिकेत कोर्टात उभे! 30 सप्टेंबर 2009 ला तडजोड झाली, हायपेरियनला कमोडोरच्या काळातल्या 3.1 या आवृत्तीच्या आधारे पुढचं काम करायचा कायमचा हक्क मिळाला. पण पुढचं म्हणजे फक्त 4, की 68000 घराण्याचे प्रोसेसर असलेल्या जुन्या यंत्रांसाठी 3.1 च्या नव्या आवृत्त्याही? जुन्या रॉमवर (यंत्रातल्या चिपमध्ये कायम भरलेल्या प्रणालीवर) हक्क सांगणाऱ्या क्लोआंटो कंपनीशी याच मुद्द्यावर पुन्हा कोर्टबाजी झाली.

एका वाक्याच्या अर्थाचा हा वाद. तो ज्यांना भोवला, ते त्या करारात कुठेच नव्हते. मूळ 3.1 ला 4 जीबीपलीकडची हार्डडिस्क नीट हाताळता येत नाही. ही दुरुस्ती करू शकणारी माणसं होती, रात्री जागून फुकट करणारी होती. 2018 ला 3.1.4 मध्ये ती सोय आली, तर त्या आवृत्तीवरच वाद. आपण लिहिलेलं उद्या विकता येईल का, वाटता येईल का, हे ज्याला ठाऊक नाही तो किती वर्षं लिहील? मला या गोष्टीचा मनापासून राग येतो.

सोसायटीला निदान मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज करता येतो. बिल्डर सही करत नसला तरी जमीन नावावर होते. पोरक्या झालेल्या सॉफ्टवेअरसाठी अशी खिडकीच नाही. म्हणून काहींनी 1995 पासून आरॉस नावाने सगळी प्रणाली शून्यातून लिहायला घेतली, मूळ कोडची एक ओळही न उचलता. 2015 च्या शेवटी 3.1 चा मूळ कोड परवानगीशिवाय बाहेर फुटला, तेव्हा त्यांची पंचाईतच झाली: तो वाचलेल्या माणसाने आरॉससाठी लिहिलं, तर त्याची प्रत्येक ओळ संशयाची.

माझ्या देवनागरी अक्षरांची फ्लॉपी आणली आहे. ती माझी स्वतःची आहे, हवी त्याने कॉपी करून न्यावी. रॉमची प्रत मात्र मागू नका. ती द्यायचा हक्क माझा नाही.