दुधाचा फरक आणि घरकुलाचा हप्ता

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की करवीर, कागल, राधानगरी, कुठल्याही गावात जा, डेअरीच्या कट्ट्यावर एकच चौकशी चालू असते. ‘फरक जमा झाला का?’ फरक म्हणजे काय हे कोल्हापुरात सांगायला नको. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं आणि पेंड, किराणा, दवाखान्यात जिरून जातं. वर्षभर घातलेल्या दुधाच्या दरातला द्यायचा राहिलेला फरक मात्र दिवाळीला एकरकमी मिळतो. त्यातनं गुजरीत, सराफांच्या पेठेत, लेकीच्या कानातलं होतं, घरावरचे पत्रे बदलतात. हाच फरक दहा दिवसांच्या बिलात लिटरमागे रुपया-दोन रुपये वाढवून दिला असता, तर तो पेंडवाल्याच्या लक्षात आला असता, आपल्या नाही.

मला बोलायचंय शहरातल्या घरकुलांबद्दल, पण सुरुवात फरकापासून केली, कारण पुढचं सगळं त्यातच आहे.

मी अठरा वर्षं पतसंस्थेसाठी पिग्मी, म्हणजे दारोदार जाऊन रोजची बचत, गोळा केली. उडुपीला १९२८ साली, पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेनं रोज दोन-दोन आणे दारात जाऊन गोळा करायला सुरुवात केली, तीच ही पिग्मी. या धंद्यात एक गोष्ट पहिल्या महिन्यात कळते. कपिलतीर्थ मंडईत भाजीवाल्या मावशींकडे सहाच्या आत गेलं पाहिजे. तेव्हा पैसे पोत्याखाली असतात. आठनंतर घरी गेलं की उत्तर ठरलेलं, ‘आज ऱ्हाऊ दे दादा, उरलं तर उद्या टाकते की.’ उरत कधीच नाही. मावशी उधळ्या नव्हत्या. एकदा घरात गेलेल्या पैशाला दहा तोंडं फुटतात, एवढंच.

आता अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो. तिथे सरकारी मदतीच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला साधारणपणे उत्पन्नाच्या ३० टक्के भाडं द्यावं लागतं. ऐकायला बरं वाटतं, पण यात एक मेख आहे. घरातल्या बाईचा पगार वाढला की भाडंही वाढतं. ओव्हरटाइम करून महिन्याला ५०० डॉलर जास्त आणले, तर १५० भाड्यातच गेले. मग जास्त राबायचं कशाला? यावर तिथल्या संसदेनं १९९० साली तोडगा काढला. नाव ‘फॅमिली सेल्फ-सफिशियन्सी’, म्हणजे कुटुंबानं स्वतःच्या पायावर उभं राहणं. वाढलेलं भाडं कुटुंबानं द्यायचंच. पण कमाईमुळे भाडं जेवढं वाढलं, तेवढी रक्कम गृहनिर्माण यंत्रणा त्या कुटुंबाच्या नावे वेगळ्या खात्यात टाकत जाते. करार साधारण पाच वर्षांचा. महिन्याला १५० डॉलर धरले तर पाच वर्षांत ९,००० होतात. कामधंदा चालू असेल, सरकारी रोख मदत बंद झाली असेल आणि ठरवलेली उद्दिष्टं पुरी झाली असतील, तर सगळी रक्कम त्यांची. अर्धवट सोडलं तर पाणी सोडायचं. तो आपला फरकच झाला की!

पण भारावून जाऊ नका. या योजनेची तिथे मोठी पाहणी झाली, तेव्हा खातं आहे म्हणून लोकांची कमाई वाढली असं काही दिसलं नाही. अर्धवट सोडणारेही भरपूर. पूर्ण करणाऱ्यांच्या हाती मात्र एकरकमी पैसा आला.

जशीच्या तशी ती योजना इथे चालणार नाही. तिकडे भाडेकरू, आपल्याकडे मालक. पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागीदारीतल्या घरांना केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो, बाकीचं लाभार्थ्याचं, म्हणजे बहुतेकदा बँकेच्या हप्त्याचं. शिवाय घर मालकीचं झालं की खर्चाची नवी पोरं जन्माला येतात. घरफाळा, पाण्याच्या मोटारीचं लाइट बिल, जिन्याची झाडलोट. झोपडीच्या उंबऱ्यावर गोळ्या-बिस्किटांची बरणी मांडून चार पैसे मिळायचे. तिसऱ्या मजल्यावर बरणी कुणासाठी मांडायची?

आणि भिशी मोडते. याकडे कुणी बघत नाही, पण मला हे सगळ्यात मोठं नुकसान वाटतं. जुन्या वस्तीत वीस बायकांची भिशी बिनव्याजी, बिनकागदी चालायची, कारण उद्या नळावर तोंड दाखवायचं असायचं. सोडतीत घरं लागली की शेजार बदलतो. समोरच्या दारातली बाई कोण, कुठली, माहीत नाही. तिच्या हातात महिन्याचे हजार रुपये कोण देईल?

म्हणून माझं मागणं साधं आहे. चावी मिळते तो दिवस धरा. समजा आजवर भाडं ३,००० होतं, आता हप्ता आणि इमारतीचा खर्च मिळून १,८०० झाला. वाचलेले १,२०० पहिल्या महिन्यात मोकळे असतात. तिसऱ्या महिन्यात ते कुठे गेले, विचारू नका. टीव्हीच्या हप्त्यात गेलेले असतात. चावी मिळते त्याच दिवशी पोस्टात १,२०० ची आरडी, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम भरायचं खातं, उघडली आणि दर ६.७ टक्के धरला, तर पाच वर्षांनी साधारण साडेपंच्याऐंशी हजार होतात. एवढे झेपत नसतील तर १०० पासून सुरुवात होते. बारा हप्ते भरले की अडीनडीला निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, खातं मोडावं लागत नाही. पतसंस्थेत ठेवायला माझी हरकत नाही, मी तिथलंच मीठ खाल्लंय. पण बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. हे माहीत असून ठेवा.

मागे बसलेल्या ताईंनी विचारलं, मायक्रोफायनान्सचा, म्हणजे बायकांच्या गटाला मिळणाऱ्या छोट्या कर्जाचा, आठवड्याचा हप्ता चालू असताना बचत कशी करायची? ताई, महाग कर्ज आधी फेडा. वीस-बावीस टक्क्यांनी व्याज भरायचं आणि पावणेसातनं साठवायचं, हा हिशेब कुणीही केला तरी तोट्याचाच येणार. पण शंभराची आरडी तेवढी चालू ठेवा. नाहीतर पुढच्या दुखण्याला परत त्याच गटाच्या दारात जावं लागतं. आणि कर्ज ज्या दिवशी फिटेल, त्याच्या पुढच्या आठवड्यापासून तो हप्ता तसाच चालू ठेवायचा, फक्त स्वतःच्या खात्यात. हप्ता द्यायची सवय लागलेली असते, ती वाया घालवू नका.

खातं कुणाच्या नावावर? घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर असावं असं योजनाच सांगते. मग आरडी बाईच्या नावावर काढायला कुणाची हरकत नसावी. नवरा एटीएम कार्ड मागेल अशी भीती असेल, तर काळजी करू नका. आरडीला कार्डच येत नाही.