‘रिदम’मधले दोन एच

सांगली केंद्राच्या सर्व श्रोत्यांना नमस्कार.

काही दिवसांपूर्वी सांगली-मिरज सिटी बसमध्ये माझ्या शेजारी आठवीतली एक मुलगी इंग्रजी वर्तमानपत्रातले शब्दकोडे मांडीवर घेऊन बसली होती. सहा चौकोन होते, तिसऱ्यात वाय, शेवटच्यात एम आणि अर्थ दिला होता ‘लय’. शब्द तिला माहीत होता, ‘रिदम’ असे ती पुटपुटलीही; परंतु विश्रामबाग येईपर्यंत ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर आळीपाळीने घालून पाहिले तरी चौकोन काही जुळेनात. जुळणार नव्हतेच, कारण त्या शब्दात या पाचांपैकी एकही स्वर नाही. आर, एच, वाय, टी, एच, एम. कानाला एकही एच ऐकू येत नाही आणि कागदावर मात्र दोन लागतात.

ठरावीक लांबीचा आणि ठरावीक अक्षरे असलेला इंग्रजी शब्द शोधताना मराठी माणूस अडतो तो बहुधा याच ठिकाणी. आपल्याला अक्षरे मोजता येत नाहीत असे नाही. अभंगाच्या चार चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे मोजणारी आपली परंपरा आहे. पण आपले अक्षर म्हणजे तोंडातून एका दमात निघणारा उच्चार. ‘स्ट्रेंग्थ’ हा शब्द देवनागरीत दोन अक्षरांत मावतो; इंग्रजीत त्याला आठ अक्षरे लागतात आणि त्यांत स्वर एकच, ई. म्हणून कोडे हातात घेतल्यावर शब्द आधी कानाने आठवावा आणि लगेच डोळ्यांनी तपासावा, ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

डोळ्यांना पाहायचे ते काय? इंग्रजी लेखनाला स्वतःच्या काही खोडी आहेत आणि त्याच आपल्या मदतीला येतात. क्यू आला की पुढच्या चौकोनात यू जवळजवळ नक्की समजावा; ‘इराक’सारखे परक्या भाषांतून आलेले मोजके शब्द तेवढे अपवाद. इंग्रजी शब्द सहसा व्ही या अक्षरावर संपत नाही. हॅव, गिव्ह, लव्ह यांच्या शेवटी न ऐकू येणारा ई बसलेला असतो, त्यामुळे चार चौकोनांच्या अशा शब्दात व्ही तिसऱ्या घरात धरावा. स्वर सापडत नसेल तर वाय आठवावा, कारण जिम, स्काय, ड्राय या शब्दांत स्वराचे काम तोच करतो. आणि मुके अक्षर तर कधीच विसरू नये. ‘डाउट’ म्हणजे शंका, या पाच अक्षरी शब्दात चौथा बी आहे. तो पूर्वी तिथे लिहीत नसत. पुढे विद्वानांना मूळ लॅटिन शब्दातला बी आठवला आणि त्यांनी तो लेखनात परत आणला. उच्चार मात्र बदलला नाही. ही हकीकत एकदा सांगितली की मूल तो बी पुन्हा गाळत नाही, असा माझा अनुभव आहे.

कोणते अक्षर आधी शोधावे, याचे उत्तर अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द बनवण्याच्या स्क्रॅबल या खेळात आहे. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुरचनाकाराने १९३०च्या दशकातील मंदीत हातचे काम गेल्यावर हा खेळ रचला. त्यासाठी त्याने वर्तमानपत्रांच्या पानांवर कोणते अक्षर किती वेळा येते, हे बसून मोजले. इंग्रजी खेळात एकूण १०० सोंगट्या असतात. त्यांत ई १२ वेळा येतो, तर क्यू आणि झेड एकेकदाच, आणि त्या दोघांना प्रत्येकी १० गुण असतात. तेव्हा दिलेल्या अक्षरांत क्यू, झेड, जे किंवा एक्स असेल तर शोध तिथूनच सुरू करावा. ई असलेले शब्द हजारो असतात, त्यामुळे ई हाती असूनही वाट फारशी अरुंद होत नाही.

अक्षरे सगळी माहीत आहेत पण क्रम माहीत नाही, असे असेल तर ती एका ओळीत न लिहिता वर्तुळात लिहावीत. ओळीत लिहिलेल्या अक्षरांचा क्रम डोळ्यांत घट्ट बसतो आणि तो मोडणे जड जाते. सहा वेगवेगळ्या अक्षरांच्या ७२० मांडण्या होतात. त्यांतल्या बहुतेक तोंडाने उच्चारताही येत नाहीत. ‘लिसन’ची सहा अक्षरे वर्तुळात मांडून पाहा, त्यांतून ‘सायलेंट’ निघतो आणि ‘एनलिस्ट’ही. ‘लिसन’मध्ये टी असतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याला मात्र हे दोन्ही शब्द दिसणार नाहीत.

जोश वॉर्डल यांचा वर्डल हा खेळ २०२१मध्ये सर्वांसाठी खुला झाला, तेव्हापासून आपल्याकडची कॉलेजातली मुलेही रोज पाच अक्षरांचा शब्द शोधू लागली. त्यात सहा प्रयत्न मिळतात आणि प्रत्येक प्रयत्नानंतर आपली कोणती अक्षरे उत्तरात आहेत ते कळते. समजा, शेवटची चार अक्षरे आय, जी, एच, टी अशी सापडली. मग लाइट, नाइट, फाइट, राइट, माइट, साइट, टाइट आणि एट, असे आठ शब्द समोर उभे राहतात. एकेक करून पाहणाऱ्याचे प्रयत्न आधीच संपून तो हरू शकतो. त्याऐवजी ‘फिल्म्स’ हा शब्द टाकावा. तो उत्तर नाही हे आपल्याला माहीत असते, पण एफ, एल, एम आणि एस या चार अक्षरांचा निकाल तो एकाच प्रयत्नात लावतो. एक चाल खर्चून माहिती विकत घेणे हा या खेळातला सर्वांत शहाणपणाचा व्यवहार आहे, असे मला वाटते.

आता संगणकाला रिकाम्या जागी टिंबे देऊन विचारले तर तो क्षणात यादी काढून देतो. छापील कोशाला ते जमत नाही, कारण त्यातले शब्द पहिल्या अक्षराने लावलेले असतात. ही सोय मुलांनी जरूर वापरावी, पण आधी पेन्सिल हाती घेऊन निदान दहा मिनिटे त्या चौकोनांशी झटावे. आयत्या यादीतला शब्द संध्याकाळपर्यंतही लक्षात राहत नाही.

जाता जाता एक शब्द तुमच्यासाठी ठेवतो. सात अक्षरे, चौथे क्यू, शेवटचे टी. सांगलीतल्या प्रत्येक सत्कार समारंभात तो व्यासपीठावर हातोहात दिला जातो, आणि आपण सगळे त्याचे नाव शेवटच्या टीशिवायच उच्चारतो. कागदावर सात रेघा ओढा आणि पाचवी आधी भरा.